मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका

जुनी गाडी बघायला जायच्या आधी मी मालकाला फोन करून एकच गोष्ट सांगतो: मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर मी रंग बघत नाही, मालकाच्या गोड बोलण्याकडे कान देत नाही. आधी बॉनेटवर हात ठेवतो. ते गरम लागलं तर समजायचं, मालकाने सकाळी उठून गुपचूप इंजिन तापवून ठेवलंय. तापलेलं इंजिन गुणी बाळासारखं वागतं. थंड इंजिनाला सोंग आणता येत नाही. ते खोकतं, कण्हतं, धूर सोडतं, पोटातलं सगळं सांगून टाकतं. चाळीस वर्षं गॅरेजमध्ये घालवून मला एवढंच शहाणपण आलं, आणि तेही गाड्यांपुरतंच.

गॅरेज बंद करून पाच वर्षं झाली, तरी अजून कुणी ना कुणी गाडी घ्यायच्या आधी मला घेऊन जातं. माझ्यामागे मला ‘खोटकाढे’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. आडनाव वाटावं इतक्या सहज म्हणतात. मला त्याचा राग कधी आला नाही, उलट मनातून बरंच वाटायचं. खोट दिसली तर मी आहे म्हणतो, नसली तर नाही म्हणतो. त्यात मी कधी लबाडी केली नव्हती. मिरवण्यासारखं माझ्याकडे तेवढंच होतं.

पण ही सवय गॅरेजमध्ये ठेवून घरी यायला मला जमलं नाही. बायको म्हणायची, “तुम्ही माणसालासुद्धा जॅक लावून खालून बघता.” लेकीने लग्नाचं ठरवलं आणि त्या मुलाला पहिल्यांदा घरी आणलं, तेव्हा मी त्यालाही तसाच बघितला. बोलतो कमी, नजर खाली, नोकरी कच्ची, बुटांच्या टाचा झिजलेल्या. तो निरोप घेऊन जिना उतरायला लागला आणि मी उघड्या दारात उभा राहून एकेक खोट मोठ्याने वाचून दाखवली. त्याने सगळं ऐकलं. लेकीने वाद घातला नाही. लग्न त्याच्याशीच केलं, आणि तोवर मला ‘अरे बाबा’ म्हणणारी पोर त्या दिवसापासून ‘अहो बाबा’ म्हणायला लागली.

बायको होती तोवर तिने ओढून ताणून येणंजाणं चालू ठेवलं. चार वर्षांपूर्वी ती गेली. लेक ह्याच शहरात राहते, बसने चाळीस मिनिटं लागतात. पण आठवड्यातून एक फोन यायचा, तोही ठरलेला. जेवलात का, गोळी घेतलीत का, बरं ठेवते. मी दोन्हीला हो म्हणायचो. एखादे दिवशी नाही म्हणावं, म्हणजे बोलणं जरा लांबेल, असं मनात यायचं. पण तेवढंही धाडस झालं नाही.

मग एके दिवशी तिचा फोन आला आणि ती जेवणाचं विचारायला विसरली.

“बाबा, आम्हाला गाडी घ्यायची आहे. जुनीच. घरच्यांना घेऊन जाता येईल अशी. तुम्ही बघून द्याल?”

मी खुर्चीत होतो तो उठून उभा राहिलो. विहीणबाईंचे गुडघे गेले होते, त्यांना आठवड्यातून तीनदा उपचाराला न्यावं लागत होतं आणि स्कूटरवर बसणं आता त्यांच्याच्याने होत नव्हतं. “ह्यांनीच सांगितलं,” लेक म्हणाली, “तुझ्या बाबांना विचार, त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळत नाही.” म्हणजे ज्याची मी जिन्यात लाज काढली होती, त्यानेच माझं नाव पुढे केलं होतं. मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी म्हणालो, “बघू की. रविवारी या.”

जावयाची रविवारी ड्युटी असायची, म्हणून लेक आणि नात दोघीच यायच्या. नात सात वर्षांची. एका जागी पाच मिनिटं उभी राहत नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. मी बसस्टॉपवर अर्धा तास आधी जाऊन थांबायचो आणि त्या उतरल्या की आत्ताच आल्यासारखं दाखवायचो.

पहिली गाडी एका डॉक्टरांची होती. बॉनेट चांगलं पोळलं. “अहो, आत्ताच दूध आणायला गेलो होतो,” डॉक्टर म्हणाले. पायांत घरातल्या सपाता आणि गाडीची काच धुळीने आंधळी. मी हात जोडले आणि निघालो. दुसरीची जमिनीवरची चटई उचलून नाक लावलं तर ओल्या गोणपाटाचा वास. गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिलेली. तिसरीच्या मीटरवर किलोमीटरचा आकडा एवढासा, आणि ब्रेकच्या पेडलचं रबर मात्र झिजून खालचं लोखंड दिसतंय. चौथीच्या दाराला मी खिशातलं लोहचुंबक लावलं तर ते चिकटायलाच तयार नाही. पत्रा कमी आणि खड्डे बुजवायला लावलेली पुट्टीच जास्त. भिंगरीला ही गंमत फार आवडली. पुढचा सगळा रस्ता ती चुंबक प्रत्येक गोष्टीला लावत आली, माझ्या कपाळालासुद्धा.

शेवटी मी जमिनीवर आडवा होऊन गाडीखाली सरकायचो. कितीही चांगली दिसो, खालून बघितल्याशिवाय मी गाडीबद्दल अक्षर बोलत नाही. बाहेर आलो की पाठीला सगळा रस्ता चिकटलेला असायचा. मग भिंगरी मागून दोन्ही हातांनी धपाधप पाठ झटकायची आणि लेक म्हणायची, “अगं हळू, आजोबा आहेत ते, सतरंजी नाहीत.” आणि उरलेली माती ती स्वतःच्या हाताने झटकायची. ती लहान असताना मी गॅरेजमधून आलो की ती अशीच दारात थांबवून माझी पाठ झटकायची. आख्ख्या आठवड्यात मला कुणाचा हात लागायचा, तो तेवढाच.

नंतर कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा. भिंगरीला बिस्किटं. लेक आधी घड्याळ बघत बसायची. तिसऱ्या-चौथ्या रविवारपासून तिने घड्याळ बघणं सोडलं. पाचव्या रविवारी तिने आईची आठवण काढली, आणि आम्ही दोघं हसलो. आई गाडीत शेजारी बसली की मी ब्रेक दाबताना तीही आपल्या पायाशी नसलेला ब्रेक दाबायची, त्यावरून. चार वर्षांत आम्ही तिच्याबद्दल पहिल्यांदाच बोलत होतो. मला गुरुवारपासूनच रविवारचे वेध लागायचे. मी शर्टाला इस्त्री करून ठेवायचो, मातीत लोळायला जायचं आहे हे माहीत असूनसुद्धा.

सहावी गाडीही टाकाऊ निघाली. देवाशपथ सांगतो, ह्या सहाही गाड्या खरोखरच टाकाऊ होत्या. इथवर मी प्रामाणिक होतो.

सातवी गाडी एका निवृत्त शाळामास्तरीण बाईंची होती. त्यांना सगळे नुसतं बाई म्हणत. घरापुढे छपराखाली गाडी उभी, रंग जरा फिका, पण पुसून ठेवलेली. बॉनेट थंडगार. मी किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या हाकेला ओ दिल्यासारखं सुरू झालं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावून मूठ कानाशी धरली. आतून एकसारखा, शांत आवाज येत होता. धूर नाही. ऑइलचं झाकण उघडलं तर आतून स्वच्छ. बाईंनी एक पत्र्याचा डबा आणला. त्यात गाडीचे आजवर बदललेले सगळे प्लग होते, प्रत्येकाला तारखेची चिठ्ठी चिकटवलेली.

“माझ्याशिवाय हिला कुणी चालवलेलं नाही,” बाई म्हणाल्या. “आता डोळ्यांनी दगा दिला. समोरचा माणूस दिसेपर्यंत तो अगदी जवळ येतो. मग म्हटलं, कुणाचा जीव घेण्यापेक्षा हिला चांगल्या घरी द्यावी.”

मी मागच्या सीटवर बसून बघितलं. दार चांगलं रुंद उघडत होतं आणि सीट बरोबर गुडघ्याच्या उंचीला. माझे गुडघेही कुरकुरणारेच आहेत, तरी मी हाताचा आधार न घेता उठलो. विहीणबाईंना अगदी मापाची होती. डिकीत त्यांचा वॉकर आडवा मावला असता. भिंगरी खिडकीशी बसली आणि ओरडली, “आजोबा, मला बाहेरचं सगळं दिसतंय! ही माझी जागा, दुसऱ्या कुणी बसायचं नाही.” लेकीने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले होते. आवडलेली गोष्ट ती आधी अशीच हातात धरून बघते, लहानपणापासून.

चाळीस वर्षांत अशा गाड्या मला मोजक्याच भेटल्या असतील. एरवी मी खूश झालो असतो. पण मी त्या छपराखाली नुसता उभा राहिलो. गाडी मिळाली, म्हणजे संपलं. पुढच्या रविवारी त्या दोघी बसमधून उतरणार नाहीत. पुन्हा फोन येईल, जेवलात का, गोळी घेतलीत का, आणि मी हो म्हणेन.

खाली बघायचं राहिलं होतं. खाली गेलो असतो तर तिथेही सगळं ठीकच दिसलं असतं, आणि मग मला हो म्हणावंच लागलं असतं. मी खाली गेलो नाही. लेकीला फाटकापाशी बाजूला घेतलं आणि म्हणालो, “नको घेऊस. खालून गंजलेली आहे.”

ती माझ्याकडे बघत राहिली. भिंगरी सवयीने माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तिने हात उचलले आणि मग तशीच थांबली.

लेकीने बाईंना जाऊन नम्रपणे नाही म्हणून सांगितलं, कारणही सांगितलं. बाईंनी डब्याचं झाकण लावलं. माझ्याकडे वळून त्यांनी एवढंच विचारलं, “खालून गंजलीय?” मी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांना समोरचा माणूस दिसत नसला तरी माझा चेहरा त्यांना नीट दिसला असावा.

त्या दिवशी चहा झाला नाही. बसस्टॉपवर लेक म्हणाली, “राहू दे आता, बाबा. आम्ही नवीनच घेऊ. ओढाताण होईल, पण नवी गाडी कुणाला दाखवावी लागत नाही. तुम्हाला उगीच त्रास.”

“त्रास कसला?” मी म्हणालो.

“नाही, राहू दे,” ती म्हणाली. बस आली. भिंगरीने खिडकीतून हात हलवला, लेकीने पलीकडे बघितलं. मी एक रविवार वाढवायला गेलो आणि होते ते सगळे घालवून बसलो.

पुढचे तीन आठवडे फोनही आला नाही. मी दोन वेळा उचलून बघितला, बंद तर पडला नाही ना म्हणून. घर अगदी नीटनेटकं राहायला लागलं, कारण ते विस्कटायला कुणी नव्हतं. सकाळी एक कप घासायचो, संध्याकाळी तोच पुन्हा घासायचो. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून बसस्टॉपवर गेलो आणि दोन बस रिकाम्या जाऊ दिल्या. रिकाम्या कसल्या, माणसं उतरत होती, पण माझ्या कामाचं कुणी नव्हतं. मला स्वतःची चीड आली. आयुष्यभर लोकांच्या लबाड्या पकडल्या आणि म्हातारपणी एवढीशी लबाडी करायला गेलो, ती धड करताही आली नाही.

तिसऱ्या आठवड्यात मी बाईंकडे गेलो. गाडी छपराखालीच होती. मी दार वाजवायच्या आधी जमिनीवर आडवा झालो आणि खाली सरकलो. गंजाचा ठिपका नव्हता. बाहेर आलो तर बाई पायरीवर उभ्या.

“आज बघितलंत वाटतं,” त्या म्हणाल्या.

“मी त्या दिवशी खोटं बोललो. तुमच्या गाडीला काही झालेलं नाही. माफी मागायला आलोय.”

“ते मला माहीत आहे. आणि तुमच्या मुलीलाही. परवा येऊन गेली ती. एकटीच. सतरंजी मागितली माझ्याकडे, अंथरली आणि गेली गाडीखाली. बराच वेळ होती. मला कशाला सांगताय? तिला सांगा.”

घरी येऊन मी फोन लावला. तिने उचलला तेव्हा मागे नळ वाहत होता.

“बाईंची गाडी चांगली आहे,” मी म्हणालो. “खाली गंज नाही. मी खोटं बोललो.”

नळ बंद झाला. “माहीत आहे.”

“हो, बाई म्हणाल्या, तू येऊन बघून गेलीस.”

“बघायची तरी काय गरज होती? तुमच्या पाठीला माती नव्हती, बाबा. भिंगरीनेच घरी येऊन विचारलं, आजोबा आज गाडीखाली का नाही झोपले.” तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. “मला वाटलं, तुम्हाला अजून ह्यांच्या घरात काही चांगलं आलेलं बघवत नाही.”

असं काही तिच्या मनात येईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण तिच्या जागी मी असतो तर मीही तेच धरून बसलो असतो.

“तसं नाही गं.”

“मग कसं?”

“गाडी मिळाली असती तर रविवार संपले असते. तुम्ही दोघी आला नसतात. मला इथे एकट्याने राहायचं नव्हतं. दुसरं काही सुचलं नाही.”

ती म्हणाली, “नुसतं या म्हणायचं होतं.”

“म्हटलं असतं तर आली असतीस?”

तिने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. “गॅसवर काहीतरी आहे,” ती म्हणाली. “ठेवते.”

तो रविवार गेला. त्याच्या पुढच्या रविवारी मी बसस्टॉपवर गेलो नाही. शर्टाला इस्त्रीही केली नव्हती. अकराच्या सुमाराला दारावरची घंटा वाजली. माझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि खिडक्या मागच्या बाजूला, त्यामुळे रस्त्यावर कोण आलं-गेलं मला कळत नाही. दार उघडलं तर लेक. हातात किल्ली.

“घेतली,” ती म्हणाली. “बाईंचीच. बुधवारी आणली.”

“भिंगरी?”

“घरी आहे. तिला म्हटलं, आधी मी एकटी जाऊन येते.” ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी होती. “आत्ताच पोचले. खाली लावलीय. बघायला येता?”

मी चपला घातल्या. दोघंही तीन मजले उतरलो. गाडी समोरच्या झाडाच्या सावलीत उभी होती. मागच्या सीटवर एक छोटी उशी होती, विहीणबाईंच्या पाठीसाठी असणार, आणि खिडकीच्या काचेवर आतून लहान बोटांचे ठसे. ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेपाशी पाण्याची बाटली होती, संपलेली.

सवय वाईट. मी बॉनेटवर हात ठेवला.

बॉनेट थंडगार होतं. चाळीस मिनिटं बसला लागतात, म्हणजे गाडीला पंचवीस तरी लागणारच. एवढं अंतर आलेलं इंजिन सावलीत असं गार पडायला दोन तास तरी हवेत. म्हणजे माझी लेक नऊच्या आधीच इथे आली होती. मी वर एकटाच कप घासत होतो तेव्हा ती खाली गाडीत बसली होती, काचा वर करून, जिना चढायचा की परत जायचं हे ठरवत.

मी हात उचलला नाही. लेक माझ्या हाताकडे बघत होती. ती गॅरेजवाल्याच्या घरात वाढली आहे. बॉनेटवर हात ठेवून माणसाला काय कळतं, हे तिला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. तिचा चेहरा लाल झाला. मी आयुष्यात कुठल्या मालकाला ह्या क्षणी सोडलेलं नाही. तोंडावर सांगायचो, अहो, कशाला थापा मारता.

“जिना चढायला जरा वेळ लागला,” ती म्हणाली.

“तिसरा मजला आहे,” मी म्हणालो. “लागतोच.”

मी नेहमीसारखा मागचं दार उघडायला गेलो. मालक गाडी चालवून दाखवतो तेव्हा मी मागे बसून आवाज ऐकतो. लेक ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि तिने आतून हात लांब करून पुढचं दार ढकललं.

“पुढे बस की रे, बाबा,” ती म्हणाली आणि किल्ली फिरवली.